दामोदररावांनी फेसबुरूज उभारिला त्याची हकीकत

श्री वरुण समर्थ. खारे पाणी साक्ष.

वाचणारे धनी यांसी लिहिणाराचा दंडवत. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरी, घाटमाथ्यावरील एका राज्यात जे वर्तले ते यथास्थित लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. इतकेच लिहितो की राज्य चौथ्या मजल्यावर होते आणि तीन दालने, एक मुदपाकखाना, एक मोरी आणि पश्चिमेस कपडे वाळविण्याचा सज्जा इतका मुलूख होता आणि लिफ्ट बहुधा बंद असे. राज्याचे धनी दामोदरराव, कारखान्यात नळ जोडणारे फिटर, हुन्नरी गृहस्थ. ठिबकता नळ रावांस पाहोन आपणच ठिबकणे सोडितो ऐसी त्यांची कीर्ती. परंतु स्वभावी एक खोड जबर, की हातास स्वस्थता म्हणोन नाही. जेवताना ताटाखालचा पाट हलतो का पाहावे, देवळात गेले तर घंटेचा आकडा पिळून पाहावा, आणि जे नीट चालले आहे ते अधिक नीट कैसे चालेल ह्याच विचारात उभ्या उभ्या चहा प्यावा, ऐसी चाल. राणीसाहेब वैजयंतीबाई ह्या बहुत शहाण्या आणि सोशिक. त्यांनी लग्नानंतर पंधरा दिवसांतच मिक्सर कपाटात कुलूपबंद केला होता, यावरून काय ते समजावे.

रावांचे तीर्थरूप भिवाजीबाबा. हे खाली कोकणपट्टीस गलबताचे तांडेल, म्हणजे सुकाण धरून खलाशांवर हुकूम चालविणारे. चाळीस वर्षे दर्यावर काढिली. त्या साली भाद्रपदमासी बाबांच्या अंगावरून वारे गेले आणि डावे अंग लुळे पडले. वाचा राहिली, पण जड जाहली. मग रावांनी त्यांस घाटावर आपल्या राज्यात आणिले आणि दिवाणखान्यात खाट मांडिली. बाबांनी चौथे मजल्यावरून खाली पाहिले तो डांबरी रस्ता, वर पाहिले तो पंखा. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि अन्न सोडिले. सूनबाईंनी पेज केली, सार केले, मऊ भात कालविला. बाबा दात आवळून पडत. वैद्यांनी येऊन पाहिले आणि स्पष्ट सांगितले, "पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. या वयात एकदा नळी घातली की ती निघेलच असं मी सांगत नाही." दामोदरराव जन्मभर नळ्या जोडीत आले, पण ह्या एका नळीस ते भ्याले. ते सज्जात जाऊन उगीच कपड्यांच्या दोरीची गाठ सोडून बांधीत बसले.

तेथे त्यांस मसलत सुचली, की बाबांस दर्यावर नेणे आता होत नाही, तर दर्याच बाबांपाशी आणावा. मग चार हात लांबीची काचेची पेटी आणिली आणि ती खाटेसमोर लोखंडी घोड्यावर ठेविली आणि बाजारातून समुद्राचे मीठ आणून शुद्ध पाण्यात मोजून मिळविले आणि खाली घोड्याच्या पोटात दुसरी लहान पेटी ठेवून तिचे तळघर केले. वरच्या महालातील पाणी नळीने तळघरात उतरावे, तेथे स्पंजातून आणि सच्छिद्र दगडांतून गाळून निघावे, आणि मोटरीने पुनः वर चढावे, ऐसी रचना. महिनाभर पाणी मुरू दिले; तोवर बाबांस सलाईनवर आणि घोट घोट ताकावर तगविले. मग त्या दौलतीत एक मासा सोडिला. बोटाएवढा, अंग नारिंगी, त्यावर तीन पांढरे पट्टे. बाबांनी पहिल्याने भिंतीकडचे तोंड वळविले आणि बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "नाखवा दिसतो."

तेच नाव पडले. नाखवा स्वभावे बुजरा. वरून दाणा टाकिला तर दगडामागे लपे. सबब दामोदरराव सकाळी आणि दिवेलागणीस खाटेशेजारी तिवईवर बसत आणि चिमट्याने एकेक कण पाण्यात धरीत आणि न हलता वाट पाहत. पाव घटका जाई तेव्हा नाखवा जेवून होई. आणि नवल ऐसे की त्याच वेळी राणीसाहेब चमचा पुढे करीत तो बाबा तोंड उघडीत. पहिल्या दिवशी चार चमचे, आठव्या दिवशी अर्धी वाटी, पौषमासी पुरती वाटी आणि वर, "मीठ कमी आहे." सर्व राज्यात आनंद जाहला. सर्वांनी ताडिले की म्हाताऱ्याचा जीव माशात अडकला आहे, मासा जेवेल तर बाबा जेवतील. वैद्यांनीही मान डोलाविली. मग नाखव्याच्या जिवास जपणे हेच राज्याचे पहिले काम जाहले, आणि येथूनच रावांच्या हातांस खाज सुटली.

रावांच्या मनी आले की पाणी आज स्वच्छ आहे, परंतु उद्या असेलच ह्याचा जामीन कोण? माशाची विष्ठा आहे, उरलेला दाणा आहे. स्पंज तो स्पंज, त्याजवर राज्य टाकून निजणे हे शहाण्याचे काम नव्हे. ऐकिवात होते की फेस करून पाण्यातील मळ ओढून काढणारे एक यंत्र असते. ते बाजारात सिद्ध मिळते. पण सिद्ध वस्तू आणणे रावांस कमीपणाचे. त्यांनी कारखान्याच्या भंगारातून वीतभर रुंदीचा, दीड हात उंचीचा पीव्हीसीचा नळ निवडून आणिला आणि त्याच्या तळाशी मऊ लाकडाचा ठोकळा बसवून त्यातून हवा सोडिली, येणेकरून मोहरीहून बारीक बुडबुडे निघावे. आणि वर मान निमुळती करून तीवर लोणच्याची बरणी उपडी जोडिली, येणेकरून मळका फेस चढून बरणीत पडावा. त्यास नाव दिधले फेसबुरूज. पौष वद्य पंचमीस दुपारी नारळ फोडून बुरूज चालू केला. बुरुजाने प्रथम विचार केल्यासारखे केले. मग एकाएकी फेस उसळला तो मानेतून, बरणीतून, झाकणातून बाहेर पडला आणि घोडा, सतरंजी, बाबांच्या चपला आणि नारळाची वाटी, सर्व मुलूख पादाक्रांत करीत मुदपाकखान्याच्या उंबऱ्यास भिडला. राणीसाहेब पोळीचे लाटणे घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे काय चालवलंय? करायला गेलात गणपती आणि झाला मारुती!" राव फेसात उभे राहून म्हणाले, "थोडी हवा जास्त झाली. आता बघ." खाटेवर बाबा हसत होते. वारे गेल्यापासून ते प्रथमच हसले, आणि हसता हसता म्हणाले, "दामू, उलटी भरती आणलीस मेल्या. ये, बस जरा इकडे." राव म्हणाले, "आलोच बाबा, एवढी चावी बसवतो," आणि चावी बसविण्यात दिवस मावळला.

न्यायाने लिहिले पाहिजे, की हवा आवळल्यावर बुरूज उत्तम चालला. तीन दिवसांत बरणीत काळ्या चहासारखा द्रव साचला आणि त्याची दुर्गंधी ऐसी की राव ती ज्यास त्यास हुंगावयास देत आणि अभिमानाने तोंडाकडे पाहत. परंतु एक बुरूज चालला म्हणोन हात थोडेच थांबतात? पाणी उतरताना नळी घुरघुरते, सबब तिजला वळण दिधले. पाणी दगडांवर एकाच ठिकाणी पडते, सबब राणीसाहेबांच्या डब्याचे झाकण गरम सुईने सत्तर ठिकाणी भोसकून त्याची चाळण केली. राणीसाहेबांनी झाकण शोधिले. चाळणीवर आणखी बारीक गाळणे पाहिजे, सबब चहाची गाळणी जप्त जाहली आणि दोन दिवस राज्य पत्तीसकट चहा प्याले. मोटर बंद पडली तर पाणी उलटे वाहून महाल रिता होईल, सबब चढत्या नळीस पाण्याच्या रेषेखाली बारीक भोक पाडिले. हे मात्र खरेच उपयोगी जाहले, कारण दुसऱ्याच दुपारी वीज गेली आणि भोकाने हवा ओढून पाणी जागच्या जागी थांबविले. राव त्या भोकाकडे बोट दाखवून आठ दिवस बोलत होते. आणि मध्ये मध्ये खाटेवरून आवाज येई, "दामू, बस की जरा." आणि राव म्हणत, "आलोच."

त्याच पेठेत द्वारकाबाई नामे एक वृद्ध बाई राहत. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त. त्यांजकडे बारा वर्षांची खारी पेटी होती, मासे ताजेतवाने. राव माघमासी त्यांची पेटी पाहण्यास गेले आणि तळघराचे दार उघडिले तो आत सर्व तपकिरी. दगड बुळबुळीत, स्पंज चिखलाच्या रंगाचा. राव नाक धरून हसले आणि म्हणाले, "बाई, हे धूत नाही का कधी?" बाई म्हणाल्या, "पेटीतल्याच पाण्यात खळबळते कधीमधी. बाकी जे काम करतंय त्याला मी हात लावत नाही." रावांस हे उत्तर आळशी वाटले. घरी येऊन त्यांनी आपले तळघर उघडिले तो आपलेही दगड तपकिरी! ही खंत त्यांच्या मनास लागोन राहिली.

फाल्गुन संपत आला, पाडवा तोंडावर आला. राज्यात झाडलोट निघाली. राणीसाहेबांनी जाळी काढिली, डबे घासले, पडदे धुतले. ज्या घरी पाडव्यास तांब्याचा गडू चिंचेने लखलखतो त्या घरी तळघरातील दगड तपकिरी राहावे हे रावांस सोसवेना. मग त्यांनी सकाळी सर्व दगड उपसून मोरीत नेले आणि नळ सोडिला आणि काथ्याने घासले, कोनाकोपरा दातांच्या जुन्या ब्रशाने घासला. त्या दिवसांत शहरात पोटाची साथ होती, नळाच्या पाण्यास औषधाचा उग्र वास येत होता. राव म्हणाले, अधिकच उत्तम. मग दगड सज्जात तीन दिवस उन्हात वाळविले, स्पंज जुना टाकून नवा कापिला, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी दगड शुभ्र करून पुनः तळघरात रचिले. शेजारपाजारचे पाहण्यास आले आणि वाहवा केली. बाबांनी खाटेवरून पाहिले आणि पुसले, "गोड्या पाण्यात धुतलेस?" राव म्हणाले, "चकाचक केले बाबा." बाबा नाखव्याकडे पाहत राहिले.

शके एकोणीसशे पंचेचाळीस लागले. गुढी उभी राहिली. तिसरे दिवशी सकाळी राव चिमटा घेऊन बसले तो नाखवा कण घेईना. पाण्याच्या वरच्या कडेस येऊन तोंड उघडमीट करू लागला. राव तिवई सोडून पेटीखाली वाकले, आणि बाबांनी चमचा परतविला. राव अधिकच भ्याले. त्यांनी प्रथम बुरुजाची हवा वाढविली, मग मोटर बदलिली, मग वळणाची नळी काढून सरळ घातली, मग पुनः वळणाची घातली. चौथे दिवशी नाखवा वाळूवर कलंडला. बाबा पाणी पीत, अन्न नको म्हणत. रावांनी आपल्या हुन्नराचे सर्व उपाय करून पाहिले आणि अखेरीस, ज्यांस हसून आलो त्यांच्याच दारी जाणे प्राप्त जाहले. ते द्वारकाबाईंच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि इतकेच म्हणाले, "नाखवा कलंडला." बाईंनी चप्पल पायात घातली, थैली उचलिली आणि निघाल्या.

चार मजले चढून बाई धापा टाकीत आल्या आणि पेटीतील पाणी परीक्षेच्या नळीत घेऊन त्यात विष ओळखण्याच्या औषधाचे थेंब टाकिले. पिवळे राहावे ते गडद हिरवे जाहले. बाईंनी तळघर उघडून दगड पाहिले आणि हळूच पुसले, "हे कशात धुतलेत?" रावांनी सांगितले. बाई मटकन तिवईवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो दामोदरराव, त्या तपकिरी बुळबुळीत डोळ्यांना न दिसणारे जीव होते, कोट्यवधी. माशाच्या घाणीतलं विष तेच खाऊन टाकत होते. तुमच्या बुरुजानं फेस काढला, पण राज्य ते चालवत होते. तुम्ही गाव जाळून अंगण झाडलंत!" लिहिणारा म्हणतो, रयतेची ऐसी कत्तल कोणत्या शत्रूने केली नाही ती धन्याने काथ्याने केली, आणि वर शेजाऱ्यांकडून वाहवा घेतली. राव खाली दगडांपाशी बसले. पुसले, "मग आता?" बाईंनी थैलीतून ओले फडके काढिले आणि फडक्यातून आपल्या तळघरातील चिखलाच्या रंगाचा स्पंज काढिला आणि पुढे केला. रावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यास घाण येत होती. रावांनी तो देवाचा प्रसाद घ्यावा तैसा कपाळास लाविला, आणि बाई म्हणाल्या, "कपाळाला नको, तळघरात ठेवा."

मग बाईंनी हुकूम दिधला, की रोज पाव हिस्सा पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी, ते मीठ विरघळून, मुरवून, हळूहळू घालावे. ते काम वैजयंतीबाईंनी करावे, दाणाही त्यांनीच द्यावा, अगदी चिमूटभर. "आणि तुम्ही," बाई रावांस म्हणाल्या, "पंधरा दिवस त्या काचेपासून चार हात लांब राहायचं. हे जीव वाढायला वेळ घेतात, पी हळद हो गोरी असं नसतं. तुमचा हात लागला की मी स्पंज परत नेईन." राणीसाहेबांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी बघते कसा लागतो हात ते."

येथून रावांचे हाल लिहिताना लेखणी अडते. सकाळी ते काचेकडे निघत तो राणीसाहेब आडव्या येत. ते वळून सज्जात जात. सज्जात त्यांनी काही तरी पाहिजे म्हणोन दुसरा बुरूज मांडिला, पहिल्याहून उंच, ज्यास लावण्यास पेटी नव्हती. कापीत, जोडीत, सोडवीत. दिवसातून वीस वेळा पडद्याआडून विचारीत, "हलला का?" आणि उत्तर मिळे, "आहे तसाच." खाटेकडे जाण्याचे धैर्य होईना, कारण बाबांचे गाल बसत चालले होते आणि हे आपण केले ऐसे रावांस वाटे. सहावे दिवशी परीक्षेची नळी फिकट हिरवी जाहली. नववे दिवशी पिवळी. आणि त्याच दिवशी सकाळी राणीसाहेबांनी चिमट्याने कण धरिला तो नाखवा उठला, डोलत आला आणि कण घेतला. दुसरा घेतला. राणीसाहेब आनंदे ओरडल्या. राव सज्जातून करवत घेऊन धावले आणि चार हातांवर थबकले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "बाबा, जेवला! नाखवा जेवला!" राणीसाहेबांनी लगबगीने पेज आणिली आणि चमचा पुढे केला.

बाबांनी दात आवळिले.

सर्व चकित जाहले. दिवेलागणीस पुनः नाखवा जेवला, बाबा जेवले नाहीत. दुसरे दिवशी तैसेच. ज्या गणितावर सर्व राज्य चालले होते ते गणितच मोडले. वैद्य आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, "उद्या सकाळी नळी घालू या. आता थांबणं बरं नाही." वैद्य जिना उतरले. राव सज्जात गेले, करवत उचलिली आणि ठेविली. पाना उचलिला आणि ठेविला. मग आत आले. तिवई रिकामी होती. राणीसाहेबांनी अडविले नाही. राव तिवईवर बसले. हाती चिमटा नाही, पाना नाही, काही नाही. ते बाबांस म्हणाले, "बाबा, तो जेवतोय हो. तुमच्यासमोर जेवतोय. मी चुकलो, घासले मी दगड, पण आता तो बरा आहे. मग तुम्ही का नाही जेवत?"

बाबांनी मान वळविली. जड जिभेने, एकेक शब्द वल्ह्याने ओढावा तैसा ओढीत बोलले, "अरे, माशासाठी मी कशाला जेवू? जन्मभर मासे खाल्ले मी." आणि थांबले, श्वास घेतला. "तो खायचा तेव्हा तू बसायचास. तेवढाच बसायचास. तू इथे, मी इथे. तेवढ्यात दोन घास जायचे. दहा दिवस सून बसते. चांगली आहे ती. पण तू कुठे होतास?"

दामोदररावांनी तिवई खाटेजवळ ओढिली. "मी तुमच्यासाठीच करत होतो ते सगळं," म्हणाले. बाबा म्हणाले, "ठाऊक आहे मला. मीपण चाळीस वर्षं तुमच्यासाठीच दर्यावर होतो."  राणीसाहेब वाटी घेऊन पुढे आल्या होत्या, त्यांनी ती रावांचे हाती दिधली आणि मुदपाकखान्यात जाऊन नळ मोठा सोडिला, कारण त्यांस रडू येत होते. रावांनी चमचा भरिला. थोडी पेज बाबांच्या हनुवटीवर सांडली, ती त्यांनी बोटाने पुसली. बाबांनी तोंड उघडिले. चार चमचे गेले, मग सहा. वाटी संपली तो रावांचा हात सवयीने खाटेची सैल फळी चाचपू लागला. बाबांनी आपला चांगला उजवा हात त्याजवर ठेविला आणि दाबून धरिला. फळी तैशीच राहिली.

सारांश. नळी घातली नाही. बाबा पुढे सव्वा वर्ष जेवले आणि मीठ कमी असल्याचे सांगत राहिले. क्रोधीनाम संवत्सरी आषाढमासी, खलाशी गलबते किनाऱ्यास ओढून बसतात त्या दिवसांत, त्यांनी डोळे मिटिले. राव शेजारी बसले होते. सज्जातील दुसरा बुरूज अपुरा पडून आहे, त्यात राणीसाहेबांनी छत्र्या ठेविल्या आहेत. मासा अद्याप आहे, आणि दोन्ही वेळा राव त्याजपाशी बसतात. बसण्यास आता कोणी सांगत नाही. घडले तैसे लिहिले. उणे पडले ते वाचणारे धनी यांनी आपले पदरचे घालून पुरे करावे.